मिनिटाला वीस नोंदी

"भाऊ, यादी कमी होऊन राहिली."

फोनवर कुसुमताई होत्या. गाडीने बडनेरा सोडून चार मिनिटं झाली होती. मी अकोल्याला त्यांच्याकडेच निघालो होतो.

"कमी म्हणजे?"

"वर एकूण नोंदी म्हणून आकडा येते ना, तो. सकाळी अकराशे त्रेचाळीस होता. आता एक हजार बासष्ट. हे पाहा, एकसष्ट."

"तुम्ही काय केलं?"

"मी काहीच नाही केलं. बटण दाबलं फक्त."

"कोणतं?"

"हटवा लिहिलेलं. तुम्हीच तं दिलं. साठ झाले, भाऊ."

कुसुमताई निवृत्त शिक्षिका. अकोल्यात जठारपेठेतल्या एका खोलीत त्या समाजाचं वधूवर सूचक मंडळ चालवतात. वीस वर्षं त्यांचं काम एका जाड वहीवर चाललं. तीन वर्षांपूर्वी मी त्यांना वेबसाइट करून दिली, आणि आता वही बंद करा, असं मीच सांगितलं. त्यांना ते पटलं नव्हतं. दोन्ही ठिकाणी लिहिण्यात चुका होतात, असं मी त्यांना समजावलं होतं. तेव्हापासून आलेला एकही फॉर्म कागदावर नव्हता. रविवारी परिचय मेळावा होता. गुरुवारी पुस्तिका छापायला जायची होती. हा बुधवार.

माझ्या कामाबद्दल थोडं सांगायला हवं. मी प्रोग्रामर नाही. अमरावतीच्या एका महाविद्यालयात मी तीस वर्षं ग्रंथपाल होतो. मुदतीआधी निवृत्ती घेतली आणि लहान संस्थांना वेबसाइट करून देऊ लागलो. मला कोड लिहिता येत नाही. मी व्हिज्युअल बिल्डर वापरतो. त्यात पडद्यावर चौकोन ओढून आणायचे, बटणं मांडायची आणि प्रत्येक बटणाला पायऱ्या जोडायच्या: हे बटण दाबलं की अमुक नोंदी शोध, मग त्यांचं तमुक कर. या पायऱ्यांच्या साखळीला वर्कफ्लो म्हणतात. सगळी माहिती जिथे राहते तो डेटाबेस. ग्रंथपालाला हे समजायला जड जात नाही. तो कार्डांचा कॅटलॉगच असतो. एक उमेदवार म्हणजे एक कार्ड.

'हटवा' बटणाचा वर्कफ्लोही मीच जोडला होता. लग्न जमलेले उमेदवार यादीत पडून राहतात आणि लोक उगाच फोन करतात, अशी ताईंची तक्रार होती. म्हणून एक साफसफाईचं पान केलं. त्यावर 'स्थिती' नावाची एक यादी होती. लग्न जमले, नाव मागे घेतले, असे पर्याय. एक पर्याय निवडायचा, हटवा दाबायचं. त्या स्थितीतल्या नोंदी सर्व्हरवर एकेक करून पुसल्या जात. सर्व्हरवर ताण येऊ नये म्हणून दोन नोंदींमध्ये मी तीन सेकंदांचं अंतर ठेवलं होतं.

तीन सेकंदांना एक. म्हणजे मिनिटाला वीस. हजारभर नोंदींना पन्नास मिनिटं. मूर्तिजापूर अर्ध्या तासावर, अकोला त्याच्याही पुढे.

"भाऊ, कम्प्युटर बंद करू का? वायरच काढते."

"उपयोग नाही, ताई. ते काम तुमच्या कम्प्युटरवर चालू नाहीये. सर्व्हरवर चालू आहे."

"थो कुठं हाय?"

"माहीत नाही."

"तुमाले बी माहीत नाही?"

त्या एरवी माझ्याशी नीट पुस्तकी बोलतात. घाबरल्या की वऱ्हाडीवर येतात. मी त्यांना सांगितलं, पान उघडं ठेवा, कशालाही हात लावू नका, आकडा बघत राहा. फोन ठेवला आणि पिशवीतून लॅपटॉप काढला.

चालू काम थांबवायची सोय बिल्डरमध्ये असते. बाकी राहिलेली सगळी कामं रद्द करण्याचं एक बटण असतं. पण ते बिल्डरच्या आतल्या पानावर, आणि ते पान फोनवर उघडत नाही. म्हणून लॅपटॉप, लॅपटॉपला फोनचं हॉटस्पॉट, आणि फोनला दोन दांड्या. पांढऱ्या पानावर गोल फिरू लागला. फिरत राहिला. मी लॅपटॉप खिडकीजवळ धरला, मग मांडीवर, मग पुन्हा खिडकीजवळ. उठून दारापर्यंत गेलो आणि परत आलो.

समोरच्या बाकावर एक गृहस्थ होते. खांद्यावर टॉवेल, पायाशी जेवणाचा डबा. रेल्वेतच रुळांच्या कामावर होते, असं नंतर कळलं.

"काका, काय गळून राहिलं? मघापासून आकडे ऐकून राहिलो मी."

"वेबसाइटवरची नावं पुसली जातायत."

"कोणाची?"

"लग्नाच्या मुलामुलींची."

"बाप्पा! मंग तं लवकर करा. एखाद्याचं जमता जमता राह्यचं." मग त्यांनी माझ्या फोनकडे पाहिलं. "थे फोन ठेवा खिशात. या पट्टीत तुमच्या कंपनीचा टावरच नाही. माह्या फोनवर घ्या. कुरूमपर्यंत येनंजानं करते, मान्याले गुल होते. मूर्तिजापुरात फुल्ल राहते. गाडी थितं थांबते बी."

मी त्यांच्या फोनवर लॅपटॉप जोडला. लॉगिनचं पान आलं. पासवर्ड टाकला. तो चुकला. पुन्हा टाकला, बरोबर निघाला आणि गोल पुन्हा फिरू लागला. कुरूम स्टेशन मागे गेलं. माझ्या फोनला मध्येच एक दांडी आली, तेवढ्यात ताईंचा एसएमएस आला: सातशे ऐंशी. नुसता आकडा, पुढे काही नाही.

माना स्टेशन आलं आणि त्यांनी सांगितल्याप्रमाणे सगळं गुल झालं. आता करण्यासारखं काही नव्हतं. हातांना काही काम नसलं की मला तेव्हा बसवत नसे. वसुधा, माझी पत्नी, जाऊन सात महिने झाले होते. घरी पुस्तक उघडलं की तेच पान चार वेळा वाचत असे. म्हणून फोनवर होण्यासारख्या कामांसाठीही मी गावोगाव जात होतो. त्या दिवशीचं कामसुद्धा फोनवर झालं असतं.

त्या अकराशे त्रेचाळीस नोंदींपैकी पहिली तिची होती.

वेबसाइट तयार झाली की मालकाला देण्याआधी एक खोटा फॉर्म भरून बघायचा असतो. त्याला टेस्ट नोंद म्हणतात. मंडळाच्या साइटसाठी तो फॉर्म वसुधाने भरला होता. मी स्वयंपाकघरातून चहा घेऊन आलो तेव्हा ती माझ्या खुर्चीत बसून टाइप करत होती. नाव तिचंच, लग्नाआधीचं. वय सव्वीस. शिक्षण एम.ए. मराठी. उंचीच्या रकान्यात 'पुरेशी'. संपर्कासाठी माझा मोबाइल नंबर. आणि अपेक्षांच्या रकान्यात: 'मुलगा कमी बोलणारा चालेल. पण विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर त्याच दिवशी देणारा हवा. भांडी घासता आली पाहिजेत.'

टेस्ट नोंद काम झाल्यावर काढून टाकायची असते. मी ती काढली नाही, नुसती लपवली. 'दिसते' या रकान्यात 'नाही' लिहिलं. तेव्हा त्यात विशेष काही नव्हतं, आळसच होता. ती गेल्यावर मी एकदा ती नोंद उघडून पाहिली होती. तिची पत्रं आहेत, पुस्तकांच्या समासात लिहिलेलं पुष्कळ आहे. ते सगळं मी कपाटात नीट ठेवलं आहे. ही नोंद मात्र कुठे उतरवून घेतली नव्हती. ती तिथे होती.

माझा वर्कफ्लो सर्वांत जुन्या नोंदीपासून पुसत जात होता. म्हणजे ताईंचा फोन येण्याच्या चार मिनिटं आधीच, पहिल्या तीन सेकंदांत, ती नोंद गेली होती.

पुसलेलं परत आणता येतं, हे मला माहीत होतं. बिल्डर सगळा डेटाबेस मागच्या एखाद्या वेळेला नेऊन ठेवू शकतो. आमच्या स्वस्त प्लॅनमध्ये दोन दिवस मागे जाता येत होतं. पण मी ते कधी करून पाहिलं नव्हतं. बॅकअपवर सगळ्यांचा विश्वास असतो. उघडून कोणी बघितलेला नसतो. आणि चालू काम थांबवल्याशिवाय मागे जाण्यात अर्थ नव्हता. परत आलेल्या नोंदीही त्याने पुसायला घेतल्या असत्या.

"आलं मूर्तिजापूर," समोरचे गृहस्थ म्हणाले. स्वतःचा फोन त्यांनी खिडकीच्या गजात उभा लावला. "लावा जोर."

फलाटावर गाडी थांबली आणि पान उघडलं. मी बाकी कामं रद्द करण्याचं बटण दाबलं. बिल्डरने विचारलं, नक्की? मी हो म्हटलं. ताईंना फोन लावला.

"आकडा सांगा."

"चारशे अकरा."

"आता?"

"चारशे अकराच."

"आणखी थोडं थांबून सांगा."

पलीकडे त्यांचा श्वास ऐकू येत होता. "चारशे अकरा, भाऊ. ठप्प झाला."

समोरच्या गृहस्थांनी फोन गजातून काढून खिशात घातला. "चारशे तं वाचले," ते म्हणाले. "तेवढ्यात बी जमतात लग्नं." आणि उतरून चहाकडे गेले.

जठारपेठेतल्या खोलीवर पोहोचलो तेव्हा ताईंनी टेबलावर जुनी वही काढून ठेवली होती. लाल कापडी पुठ्ठा, कोपरे झिजलेले. मी वहीकडे न बघता खुर्चीत बसलो.

आधी एक पाहायचं होतं. डेटाबेस सकाळी दहाच्या, म्हणजे ताईंनी बटण दाबण्याआधीच्या, जागी नेला की दहानंतर आलेलं सगळं जाणार. दहानंतर कोणी घरून फॉर्म भरला होता का? तीन निघाले. एक बाळापूरचा, एक तिवशाचा, एक अकोल्यातलाच. मी वाचत गेलो आणि ताईंनी ते वहीत उतरवले. तीन वर्षांनी त्या वहीत लिहीत होत्या. अक्षर तसंच होतं, फळ्यावरचं.

मग बिल्डरमध्ये तारीख आणि वेळ निवडली. त्याने ताबडतोब ऐकलं नाही. आधी साइटचं नाव अक्षर-अक्षर टाइप करून दाखवा म्हणाला, मगच बटण उजळलं. माझ्या हटवा बटणाने ताईंकडे एवढी खात्रीही मागितली नव्हती. दाबलं की सुरू. वीस मिनिटं लागतील असं पडद्यावर लिहून आलं.

त्या वीस मिनिटांत मी विचारलं, "ताई, स्थितीमध्ये कोणता पर्याय निवडला होता?"

"कोणताच नाही."

"का?"

"रिकाम्या होत्या त्याच काढाच्या होत्या ना."

मला समजलं नाही. त्यांनी वही माझ्यापुढे सरकवली आणि मागची पानं उलटली. प्रत्येक ओळीत शेवटचा रकाना निकालाचा. जमलं तिथे 'जमले', तारीख, आणि नावावर लाल शाईची एक रेघ. नाव वाचता येईल अशी. पण मधूनमधून एखादा निकाल कोरा होता आणि शेजारी पेन्सिलीचा बारीक ठिपका.

"हे कोणते?"

"ज्यायचं बोलणं झालं पण साक्षगंध व्हायचं हाय ते." साक्षगंध म्हणजे आमच्याकडचा साखरपुडा. "साक्षगंध झाल्याशिवाय जमलं म्हणून लिहित नाही आम्ही. लोकं सांगतात, ताई, आमचं नाव काढा, पण जमलं म्हणून लिहू नका. लिहिलं का मोडते. मंग रकाना कोरा ठेवाचा. असे चार घरं होते यंदा. त्यायची स्थिती मी कोरी केली. मंग तुमच्या पानावर गेली, कोरी स्थिती ठेवली, आणि हटवा."

वहीच्या हिशेबाने त्यांनी काही चुकीचं केलं नव्हतं. कोरा रकाना म्हणजे ती चार घरं. यंत्राच्या हिशेबाने कोरा रकाना म्हणजे अट नाही, आणि अट नाही म्हणजे सगळे.

असं यंत्राला मीच सांगितलं होतं. बिल्डरमध्ये नोंदी शोधताना एक चौकट असते: रिकामी अट सोडून द्या. उमेदवार शोधायच्या पानावर ती हवीच. कोणी जिल्हा निवडला नाही तर सगळे जिल्हे दिसावेत. साफसफाईचं पान करताना मी नव्याने काही बांधलं नाही. शोधाचं पान तसंच उचललं, दाखवाच्या जागी हटवा जोडलं. चौकटीतली बरोबरची खूण सोबत आली. शोधताना जी सोय होती, ती पुसताना सुरी झाली.

"म्हणजे चूक माही," ताई म्हणाल्या.

"नाही. माझी."

"तसं मले वाटलंच होतं," त्या म्हणाल्या. "पण आधी तुमच्या तोंडून ऐकावं म्हटलं."

नोंदी आल्या. एकूण: अकराशे त्रेचाळीस. ताईंनी आकडा मोठ्याने वाचला, मग आपल्या ओळखीची पाच-सहा नावं शोधून पाहिली, फोटोंसकट. मी यादी जुन्या तारखेपासून लावली आणि सगळ्यांत वर गेलो. वय सव्वीस. उंची पुरेशी.

"कोणाले शोधून राहिले?" त्यांनी विचारलं.

"कोणाला नाही. तपासतोय," मी म्हणालो.

तीन फॉर्म वहीतून पुन्हा चढवले. मग दुपारभर बसून तो वर्कफ्लो मोडला आणि नव्याने बांधला. स्थिती रिकामी असेल तर बटण दबणारच नाही. दाबल्यावर आधी पॉपअप येईल: तुम्ही इतक्या नोंदी काढत आहात, तो आकडा स्वतः टाइप करा. आणि मुख्य म्हणजे आता काहीच पुसलं जाणार नाही. प्रत्येक नोंदीला 'काढलेली' नावाचा एक रकाना दिला, हो किंवा नाही, सोबत तारीख. हो झालं की नोंद लोकांना दिसत नाही, पण जागेवर राहते. धंद्यात याला सॉफ्ट डिलीट म्हणतात. ताईंच्या वहीत ती लाल रेघ होती. ग्रंथालयातही हेच असतं. पुस्तक फाटलं, हरवलं, तरी दाखल नोंदवहीतला त्याचा क्रमांक आम्ही पुसत नाही. समोर 'निर्लेखित' असा शेरा मारतो. जे मी तीस वर्षांत एका पुस्तकाच्या बाबतीत केलं नाही, ते अकराशे माणसांच्या बाबतीत एका बटणात करून ठेवलं होतं.

स्थितीच्या यादीत एक पर्यायही वाढवला. काय नाव द्यायचं यावर ताईंनी बराच विचार केला. शेवटी 'थांबा' असं ठरलं. त्यात जमलं असं कुठे म्हटलेलं नव्हतं.

गुरुवारी पुस्तिका मंडळाच्या ठरलेल्या क्रमाने, मेळाव्याला येणाऱ्यांचीच नावं घेऊन, छापायला गेली. मी अमरावतीला परतलो.

शनिवारी दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला.

"नमस्कार साहेब. मोर्शीहून बोलून राहिलो. संत्र्याचा बगीचा हाय आपला. मुलीचे वडील का आपण?"

"कोणत्या मुलीचे?"

"वसुधा. एम.ए. मराठी. साइटवर पहिलंच नाव हाय ना. हाच नंबर हाय खाली."

काय झालं ते त्याच क्षणी कळलं. 'काढलेली' हा नवा रकाना आल्यावर जुना 'दिसते' मी निकामी केला होता आणि एकजात सगळ्या नोंदींना 'काढलेली: नाही' लावलं होतं. लपवलेली एकच नोंद होती, आणि ती कोणी लपवली होती हे मला माहीत असायला हवं होतं. तीन दिवस ती यादीत सगळ्यांत वर होती.

"हॅलो? साहेब, फोटो नाही टाकला, चालते आम्हाले. मी पोट्ट्याले वाचून दाखवलं. कमी बोलनारा चालेल म्हनून लिवलं हाय. आमचा तं दिवसभर झाडायशीच बोलते. भांडे घासाचं विचारलं, तं म्हणते, घासतो म्हना. मंग कधी कळवता?"

एरवी मी कळवतो म्हणून फोन ठेवतो आणि दोन दिवस काय लिहावं याचा विचार करतो. वसुधाचं माझ्याशी भांडण त्याच एका गोष्टीवरून होत असे.

"आत्ताच सांगतो," मी म्हणालो. "तिचं जमलेलं आहे. नाव काढायचं राहून गेलं. माझी चूक झाली."

"असं का." ते थोडे हिरमुसले. "साक्षगंध झालं?"

"झालं."

"बरं झालं. चांगल्या घरी पडली ना?"



"भांडी घासतो तो," मी म्हणालो.

ते मोकळं हसले, उद्या मेळाव्याला या म्हणाले, संत्री घेऊन येतो, आणि फोन ठेवला.

मी लॅपटॉप उघडला. नोंद क्रमांक एक. तिची स्थिती 'लग्न जमले' केली आणि साफसफाईच्या नव्या पानावर तीच निवडली. पॉपअप आला. तुम्ही १ नोंद काढत आहात, आकडा टाइप करा. टाइप केला. नोंद यादीतून गेली. डेटाबेसमध्ये ती आहे, तारखेसकट.

नव्या ग्राहकाकडे गेलो की मी आता बिल्डर लगेच उघडत नाही. आधी त्यांची जुनी वही मागतो आणि एकच विचारतो, तुमच्याकडे कोरा रकाना म्हणजे काय?